मालिकेतला राजवाडा शोधताना

ब्रिटिश राजघराण्यावरची ‘द क्राऊन’ ही मालिका पाहून ब्रिटनला निघालेली बरीच मंडळी बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाशी फोटो काढतात आणि मालिकेतली दालने याच भिंतींमागे आहेत, असे धरून चालतात. प्रत्यक्षात चित्रीकरण तिथे झालेलेच नाही. लंडनच्याच लँकेस्टर हाउसने राजवाड्याची भूमिका केली, पण ती सरकारी वास्तू एरवी पर्यटकांसाठी बंद असते. राजवाडा म्हणूनच दाखवलेले सॉल्सबरीजवळचे विल्टन हाउस मात्र हंगामात पाहता येते. तिथली ‘डबल क्यूब रूम’ ६० फूट लांब, ३० फूट रुंद आणि ३० फूट उंच. भिंतींवर सतराव्या शतकातला चित्रकार व्हॅन डाइक याची चित्रे.

एलिझाबेथ आणि फिलिप यांच्या १९४७ च्या विवाहाचे दृश्य वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे म्हणून दाखवले असले, तरी ते टिपले केंब्रिजजवळच्या ईली कॅथेड्रलमध्ये. तिथे गेल्यावर ‘वधू कुठून चालत आली?’ एवढेच विचारून परतणे म्हणजे पैसे वायाच म्हणायचे. १३२२ मध्ये तिथला मधला मनोरा कोसळला. त्या जागी अष्टकोनी रचना उभी राहिली आणि तिच्या माथ्यावरचा लाकडी मनोरा अखंड ओक वृक्षांच्या आठ खांबांवर तोलला. मान दुखेपर्यंत वर बघावे असे ते काम आहे. (कॅमेऱ्याने ते फारसे दाखवले नाही, हे माझे दुखणे!)

सहल कंपन्यांनी चित्रीकरणस्थळे जरूर दाखवावीत, पण वास्तूची माहिती असलेला मार्गदर्शकही द्यावा. शिवाय विल्टनसारखी घरे वर्षभर उघडी नसतात, तेव्हा तारखा बघूनच आरक्षण केलेले बरे.