तक्रार पत्र : न्यूग्रेंजच्या आत नेतो सांगून आम्हाला बाहेरूनच परत आणलं

दिनांक : २८ जून २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली),
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : ४ ते १३ जून २०२४ या काळातील आयर्लंड समूह सहलीत कबूल केलेली ठिकाणं न दाखवल्याबद्दल, तसंच प्रवाशांच्या सुरक्षिततेकडे झालेल्या दुर्लक्षाबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

मी कोल्हापूरची रहिवासी. माध्यमिक शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. माझे पती सार्वजनिक बांधकाम खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. आपल्या कोल्हापूर शाखेतून आम्ही ‘आयर्लंड : रौद्र किनारे आणि प्राचीन स्थळं’ ही दहा दिवसांची सहल घेतली. माणशी ₹३,९५,००० प्रमाणे दोघांचे ₹७,९०,००० जानेवारीतच भरले. हे पैसे आमच्या निवृत्तीच्या रकमेतले आहेत. असा प्रवास आम्ही पुन्हा पुन्हा करू शकत नाही.

ही सहल मी का निवडली ते आधी सांगते, म्हणजे माझी तक्रार आपल्या नीट लक्षात येईल.

माझं बालपण महाद्वार रोडवर गेलं. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सवाला आई आम्हा भावंडांना घेऊन अंबाबाईच्या देवळात जायची. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप ओलांडतं, पितळी उंबऱ्यावर चढतं आणि देवीच्या पायांशी पोचतं. किरणं चरणांपासून मुखापर्यंत चढली की देऊळभर घंटा वाजतात. ढग आले तर लोक हळहळत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. न्यूग्रेंजबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हेच आठवलं. आयर्लंडमधलं ते प्राचीन दगडी थडगं इसवी सनपूर्व ३२०० च्या सुमाराचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं. डिसेंबरात वर्षातला सर्वांत लहान दिवस असतो. त्या पहाटे दारावरच्या एका झरोक्यातून उन्हाची तिरीप १९ मीटर लांबीच्या बोळातून आत जाते आणि सुमारे १७ मिनिटं गाभारा उजळते. पुरातत्त्वज्ञ प्राध्यापक मायकल ओकेली यांनी १९६७ साली आत उभं राहून हे स्वतः पाहिलं. ज्या माणसांनी हे बांधलं, त्यांची भाषा आज कोणालाच ठाऊक नाही. पण उन्हाची वाट पाहत थांबणं त्यांना आमच्यासारखंच ठाऊक होतं, असं मला वाटत आलं आहे.

डिसेंबरातल्या त्या सकाळी आत जायला मिळावं म्हणून चिठ्ठ्या टाकतात हे मला माहीत होतं. तो हट्ट माझा नव्हताच. मात्र एरवीही आत गेलेल्या लोकांसाठी तिथले मार्गदर्शक दिवे मालवतात आणि ती तिरीप कशी येते ते विजेच्या दिव्याने दाखवतात. मला तेवढंच बघायचं होतं. म्हणून पैसे भरण्याआधी मी आपल्या शाखेला ईमेल करून विचारलं, “न्यूग्रेंजच्या आतल्या गाभाऱ्यात प्रवेश आहे ना?” १२ जानेवारीला उत्तर आलं, “हो मॅडम, आत नेणार, तिकीट समाविष्ट आहे.” एप्रिलमध्ये मी पुन्हा विचारलं. पुन्हा “हो” आलं. दोन्ही उत्तरांच्या छापील प्रती सोबत जोडल्या आहेत.

५ जूनला आम्ही बॉइन नदीच्या काठावरच्या अभ्यागत केंद्रात पोचलो. स्मारकापाशी स्वतःची गाडी नेता येत नाही. केंद्रातून नदीवरचा पूल ओलांडायचा आणि तिथल्या बसने जायचं, अशी व्यवस्था आहे. खिडकीवरच्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि सांगितलं की आमच्या ३२ जणांच्या गटाचं तिकीट फक्त प्रदर्शनाचं आहे, आतल्या प्रवेशाची त्या दिवशीची सगळी तिकिटं संपली आहेत. मी त्यांना आपल्या शाखेचा ईमेल मोबाईलवर दाखवला. मराठी मजकुराचा अर्थ मी इंग्रजीत सांगितला. त्यांना खरंच वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या गटाने बरंच आधी नोंदवायला हवं होतं, इतकंच त्या म्हणाल्या. नदीपलीकडे, हिरव्या उतारावर, न्यूग्रेंजची पांढऱ्या दगडांची भिंत दुरून दिसत होती. मी काचेपाशी जाऊन उभी राहिले आणि ५० मिनिटांनी आमची बस निघाली. एवढ्या लांबून येऊन मी त्या दारापर्यंतही पोचले नाही. हे लिहिताना आजही माझे डोळे भरून येतात.

दुसरी गोष्ट स्केलिग मायकलची. आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर याच बेटाचा फोटो आहे. कडेलोट होईल असा पायऱ्यांचा चढ आणि माथ्यावर ख्रिस्ती साधूंच्या दगडी घुमटीवजा झोपड्या. आत पाचव्या दिवसासमोर ‘स्केलिग मायकल बेटाला भेट’ असं छापलं आहे. केरीच्या किनाऱ्यापासून बेट सुमारे १२ किलोमीटर आत आहे. समुद्र खवळला तर होडी लागत नाही, हे मला मान्य आहे. हवामानामुळे बेत रद्द झाला असता तर मी एक शब्द बोलले नसते. परंतु त्या दिवशी समुद्र शांत होता आणि आम्ही पोर्टमॅगीच्या धक्क्यावर दुपारी साडेबाराला पोचलो. होड्या सकाळीच गेलेल्या होत्या. धक्क्यावरच्या माणसाला विचारलं तेव्हा कळलं की आपल्या कंपनीच्या नावाने एकही जागा राखलेली नव्हती.

यातला हिशोब साधा आहे. बेटावर उतरवण्याचे परवाने १५ होड्यांना आहेत आणि एका होडीत १२ प्रवासी बसतात. म्हणजे दिवसाला १८० माणसं. आमच्या ३२ जणांना तीन होड्या लागल्या असत्या, त्याही कित्येक महिने आधी सांगून ठेवलेल्या. ज्याने हा कार्यक्रम आखला त्याला हे ठाऊक नसेल तर त्याने तो आखायला नको होता, आणि ठाऊक असेल तर ती सरळ फसवणूक आहे. शिवाय बेटावर चढायला ६१८ पायऱ्या आहेत, कठडा नसलेल्या, शतकांपूर्वी बसवलेल्या. आमच्या गटात सत्तरीपुढचे सात जण होते, त्यातल्या एका काकूंचे दोन्ही गुडघे बदललेले. या पायऱ्यांबद्दल आपण कोणालाही काही सांगितलं नव्हतं. संध्याकाळी किनाऱ्यालगतच्या एका वळणावर बस थांबवून क्षितिजावरचे दोन टोकदार खडक आम्हाला दाखवण्यात आले आणि “हे स्केलिग, फोटो काढून घ्या” असं सांगितलं गेलं.

मोहरच्या कड्यांवर जे घडलं ते मी सर्वांत गंभीर मानते. या कड्यांची उंची २१४ मीटरपर्यंत जाते. वाऱ्याने उभं राहणं कठीण होतं आणि पायाखालचं गवत ओलं होतं. पायवाटेच्या कडेला तिथल्याच दगडाच्या उभ्या फरशा रोवून आडोसा केला आहे. मी त्या फरशीवर हात ठेवला तर तिच्यावर बोटभर जाडीच्या वळवळत्या खुणा होत्या, ओल्या मातीत गांडूळ सरपटत जावं तशा. ३० कोटी वर्षांहून जुन्या समुद्रतळावर कुठलेसे जीव चालले, त्यांच्या त्या वाटा. आयुष्यभर मुलांना जीवाश्म फळ्यावर काढून दाखवले, ते पहिल्यांदा हाताला लागले. मी पतींना ते दाखवत असतानाच आपल्या टूर मॅनेजरने गटाचा फोटो काढण्यासाठी माणसांना फरशांच्या पलीकडे, कड्याच्या बाजूच्या गवतावर बोलावलं. पलीकडे जाऊ नये अशी पाटी तिथेच होती. पाच जण गेले, त्यात एक आजोबा. मी ओरडून त्यांना परत बोलावलं. त्यावर “मॅडम, सगळेच जातात” असं उत्तर मिळालं. मोहरच्या कड्यांवरून पडून माणसं दगावली आहेत. त्या दिवशी काही घडलं नाही ते निव्वळ नशिबाने.

त्याच दुपारी बरेनच्या चुनखडीच्या माळावरचं पोलनाब्रोनचं शिळास्मारक कार्यक्रमातून गाळलं. कारण दिलं की गॉलवेत साडेसातला भारतीय जेवण ठरलं आहे. १९८६ च्या उत्खननात या स्मारकाखाली तीसहून अधिक माणसांचे अवशेष सापडले होते. ते रस्त्यापासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, जेवण तासभर पुढे ढकललं असतं तर कोणी उपाशी राहिलं नसतं. आमच्यापैकी कोणाला विचारलंही नाही.

आरनच्या बेटांचं दुःख निराळं. त्यातल्या इनिश मोर बेटाला जायची सकाळची बोट चुकली, कारण वाटेत लोकरीच्या कपड्यांच्या एका दुकानात आम्हाला दीड तास थांबवलं. दुकान कार्यक्रमात नव्हतं. दुपारच्या बोटीने पोचलो तेव्हा परतीच्या बोटीला सव्वा तास उरला होता. डून एंगस हा किल्ला धक्क्यापासून सुमारे ७ किलोमीटर आहे आणि शेवटचा चढ खडकाळ वाटेने पायीच जावं लागतं. एवढ्या वेळात ते होणं शक्यच नव्हतं. समुद्रावर सुमारे ९० मीटर उंच कड्याच्या अगदी टोकाला दगडी तटांची अर्धवर्तुळं आहेत. बाहेरच्या अंगाला शत्रूची धाव मोडण्यासाठी टोकदार दगड रोवून ठेवलेले आहेत. आम्ही पन्हाळ्याच्या सावलीत वाढलेली माणसं, आम्हाला किल्ला म्हणजे काय ते कळतं. पती महिनाभर त्या तटांचे नकाशे बघत होते. ते धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिले आणि रात्री हॉटेलात जेवले नाहीत.

सगळंच वाईट होतं असं मी म्हणणार नाही. डिंगलच्या किनाऱ्यावरचा दिवस अप्रतिम झाला, आणि तो झाला तो आमच्या स्थानिक आयरिश चालकामुळे. त्यांनी स्वतःहून गाडी गॅलरसच्या प्रार्थनागृहापाशी नेली. चुना नाही, माती नाही, नुसत्या दगडावर दगड रचून उपड्या नावेसारखं केलेलं ते छोटं देऊळ. पतींनी भिंतीवर तळहात टेकवला, खाली वाकून सांधे पाहिले आणि मला दाखवलं की प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता बसवला आहे, म्हणून पाणी आत न झिरपता निथळून जातं. तिथे आम्ही पाऊण तास होतो. पाऊसही आला. आत कोरडं होतं. प्रत्येक ठिकाणी असा वेळ मिळाला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

टूर मॅनेजरबद्दल एक खुलासा. तो पंचविशीतला मुलगा आयर्लंडला पहिल्यांदाच आला होता, हे त्यानेच मला सांगितलं. बसमध्ये तो मोबाईलवर वाचून माहिती सांगत होता. त्याच्या हातात बुकिंगचे कागदही पूर्ण नव्हते. त्याची नोकरी जावी अशी माझी अजिबात इच्छा नाही. त्याला तयारीशिवाय बत्तीस जणांची जबाबदारी देऊन पाठवणारे जे कोणी आपल्या कार्यालयात आहेत, जबाब त्यांनी द्यायचा आहे.

परत आल्यावर १७ जूनला मी शाखेत गेले. “भेट” या शब्दात बाहेरून पाहणंही येतं, असं मला सांगण्यात आलं आणि पुढच्या सहलीवर ₹१०,००० सवलतीचं कूपन देऊ केलं. मी ते घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. भेट म्हणजे काय ते मराठीत मला कोणी शिकवण्याची गरज नाही. आणि न्यूग्रेंजच्या बाबतीत तर आपल्या माणसाने “आत नेणार” असं लिहून दिलेलं आहे.

माझी मागणी अशी. न्यूग्रेंज, स्केलिग मायकल, डून एंगस आणि पोलनाब्रोन या न दाखवलेल्या चार ठिकाणांपोटी आम्हा दोघांना ₹१,५०,००० रोख परत मिळावेत. न्यूग्रेंज आणि स्केलिगसाठी बुकिंगचा प्रयत्न केला होता का, केला असल्यास कोणत्या तारखेला, हे लेखी कळवावं. मोहरच्या कड्यांवरील प्रकाराची चौकशी करून तिचा निष्कर्ष आम्हाला द्यावा. आपली पुढची आयर्लंड सहल ऑगस्टमध्ये निघते आहे, असं आपल्या जाहिरातीत दिसतं आणि तिच्यावर तोच स्केलिगचा फोटो आहे. तो फोटो आणि ‘बेटाला भेट’ हे शब्द ताबडतोब काढावेत, किंवा ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना होडीच्या नोंदणीचा कागद दाखवावा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापार प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर मी कोल्हापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. या कायद्यानुसार तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. गटातल्या आणखी नऊ प्रवाशांनी आपापली सही केलेली निवेदनं माझ्याकडे दिली आहेत.

सोबत : माहितीपत्रकाची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, शाखेच्या दोन ईमेलच्या प्रती, न्यूग्रेंज येथील प्रदर्शनाचं तिकीट, मोहर येथील पाटीचा फोटो आणि नऊ सहप्रवाशांची निवेदनं.

आपली,
एक ज्येष्ठ प्रवासी, कोल्हापूर