गार्डदादा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

दादा, नमस्कार. मी थडीवरची वहिनी बोलतेय, म्हणजे टाईप करतेय, पोराने फोनवर मराठी लावून दिलंय.

परवा रविवारी नाशिकहून आठ जण आले होते, पहाटे धुक्यात आपल्या नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यात, चापडगावच्या मनोऱ्यावर जाऊन पक्षी बघितले आणि नऊ वाजता आमच्या ओट्यावर भाकरी खायला बसले. मी चुलीपुढे होते, वरून आवाज आला तर म्हटलं चक्रवाक चालले बघा, जोडी असेल. एक ताई बाहेर धावली आणि खरंच जोडी होती. तिने विचारलं मावशी न बघता कसं कळलं, मी म्हटलं आमचे एक जंगलखात्याचे गार्डदादा होते त्यांनी कान तयार केला. ती म्हणाली मग त्यांना सांगितलंत का कधी? दादा, मला भाकरी उलटायचं सुचेना. तुमची बदली होऊन इतकी वर्षं झाली आणि एकदाही सांगितलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे अभयारण्य हा शब्द शिवीसारखा होता. नाना (माझे सासरे) सांगतात, 1986 साली नांदूर मधमेश्वर अभयारण्य जाहीर झालं, 100 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात पाण्याबरोबर गावं, शेतं, वस्त्या सगळंच आलं. तेव्हापासून घरात एकच भीती, आज ना उद्या जमीन जाणार, मासेमारी बंद होणार, विहीर खणायची तरी साहेबाला विचारावं लागणार. मी लग्न होऊन आले ती हेच ऐकत आले. खाकी कपडा दिसला की नाना तोंड फिरवून बसायचे, तुमच्याशीही तसेच वागले, ते तुम्ही कधी मनावर घेतलं नाही.

मग ती शेळी. आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, ऊस म्हटला की वाघ आलाच. आदल्या वर्षी कालवड नेली होती तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नाही की 48 तासांच्या आत कळवावं लागतं, चौथ्या दिवशी गेलो तर वेळ निघून गेली म्हणून परत पाठवलं, हे त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाहीत. पुढच्या वर्षी शेळी गेली, रात्री लाईट नव्हती, मी नुसती रडत होते, आणि तुम्ही कुणाच्या तरी फोनवरून सकाळी सातच्या आत हजर. ठसे बघितले, फोटो काढले, पंच बोलावले, जनावरांच्या डॉक्टरला स्वतः गाडीवर बसवून आणलं, फॉर्म ओट्यावर बसून भरला आणि म्हणालात वहिनी, बँकेचं पासबुक आणा, नाव त्यात आहे तसंच लिहायचं नाहीतर पैसे अडकतात. काही महिन्यांनी पैसे खात्यात आले. त्या दिवशी नानांनी पहिल्यांदा विचारलं, तो गार्ड चहा घेतो का.

मला विचाराल तर अभयारण्य आमचं झालं ते त्या फॉर्मपासून. भाषणं आम्ही पुष्कळ ऐकली होती, पासबुकावरचं नाव तपासून बघणारा माणूस पहिल्यांदाच बघितला.

आणि नाना कसे वळले ते तुम्हाला आठवतंय ना? त्यांचं गाऱ्हाणं गाळाचं होतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा, मागे वर्षानुवर्षं गाळ साचलेला, पाणी मावत नाही, पुराचं पाणी शेतात घुसतं. तुम्ही म्हणालात नाना, गाळाने नुकसान होतं हे खरंच आहे, पण त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाणी झालं, पाणवनस्पती वाढल्या, म्हणून तर एवढे पक्षी उतरतात, खोल धरणात इतक्या जातीचे पक्षी कुठे दिसतात. हिमालय ओलांडून येणारा पट्टकादंब इथे आपल्या गहू-हरभऱ्याच्या कडेला चरतो, हे ऐकून नाना गप्पच झाले. मग तुम्ही दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावलीत आणि विचारलंत, तो काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? नाना म्हणाले पाणकोंबडी असेल. तुम्ही म्हणालात नाही, त्याला वारकरी म्हणतात.

नाना स्वतः पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जाणारा माणूस. किती वेळ दुर्बीण खाली ठेवली नाही. त्या दिवसापासून थडीला कुणी पोरगा पाण्यात दगड मारताना दिसला की नाना काठी घेऊन जायचे, "ए, वारकरी बसलेत तिथं!" म्हणून. आता अख्ख्या वस्तीत हेच बोलतात.

2020 च्या जानेवारीत बातमी आली की महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणजे आपलं नांदूर मधमेश्वर, तेव्हा बायकांना वाटलं पंचवटीच्या रामाचं काहीतरी असेल. तुम्ही ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की रामसर हे इराणमधलं गाव, 1971 मध्ये तिथे पाणथळ जागा जपायचा करार झाला. लगेच मागून आवाज आला, मग आता जमिनी जाणार का. तुम्ही चिडला नाहीत, एकेकाला उत्तर दिलंत, रात्री दहापर्यंत, आणि ज्याचं उत्तर नव्हतं ते वहीत लिहून घेतलंत. ते विचारून पुन्हा आठवड्याने आलात, हे मी विसरणार नाही.

माझा पोरगा बारावी करून नुसता फिरत होता. त्याला तुम्ही गाईडच्या ट्रेनिंगला बसवलंत, रोज सकाळी बरोबर नेलंत, थापट्या, तलवार बदक, चमचा, जांभळी पाणकोंबडी, सगळं त्याच्याकडून घोकून घेतलंत. आणि मला म्हणालात, हे लोक नाशिकहून पहाटे चारला निघतात आणि वेफर खाऊन परत जातात, तुम्ही भाकरी का देत नाही? मला लाज वाटत होती, शहरातली माणसं आपल्या ओट्यावर बसतील का. पहिले सहा जण तुम्हीच आणलेत. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांद्याची पात. आता आमच्या बचत गटातल्या पाच बायका पाळीपाळीने करतो. माझ्या पहिल्या सीझनच्या पैशातून गोठ्याला जाळी बसवली, रात्री निदान डोळा लागतो.

सगळं छान झालंय असं लिहिलं तर तुम्हालाच पटणार नाही. पाणवेली अजून येतात, वरून शहराचं घाण पाणी येतं तोवर त्या येणारच. वाघ उसात आहेच. पाहुणे दिवाळीनंतर सुरू होतात ते मार्चपर्यंत, बाकीचे महिने पोरगा द्राक्षाच्या कामाला जातो. पण आता गावात कुणी पक्ष्यांना जाळं लावलं तर गावातलाच माणूस फोन करतो, तेही आधी पोराला करतो, मग ऑफिसला.

तुम्ही गेलात त्या दिवशी सत्कार ठेवायचा ठरला होता, नारळ-शाल आणून ठेवली होती, आणि तुम्ही सकाळीच निघून गेलात. शाल अजून ट्रंकेत आहे. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता दुर्बीण लागत नाही म्हणतात (लागते). रोज संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसतात. हे पत्र लिहितेय म्हटल्यावर त्यांनी एकच गोष्ट विचारायला सांगितली, तुम्ही आता जिथे आहात तिकडच्या तळ्यावर वारकरी येतात का?

कळवा. आणि थंडीत या, वहिनींना आणि पोरांना घेऊन, निघायच्या आधी फोन करा म्हणजे भरताची वांगी शेतातनं काढून ठेवते.