संध्याकाळी अडलेलं गणित कुणाला विचारायचं?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. संध्याकाळी आजूबाजूची मुलं वह्या घेऊन येतात, त्यांच्यासाठी हे पत्र. मागणी एकच आहे: नववी ते बारावीच्या मुलांना गणित-विज्ञानातलं अडलेलं घेऊन शाळा सुटल्यावर जाता येईल अशी विनामूल्य जागा शहराच्या प्रत्येक झोनमध्ये निदान एक तरी सुरू करा.

परवा दहावीतली एक मुलगी आली. वर्गसमीकरणातलं नावेचं गणित. स्थिर पाण्यात नावेचा वेग ताशी 18 किमी. 24 किमी अंतर प्रवाहाविरुद्ध जायला, तेवढंच अंतर परत येण्यापेक्षा 1 तास जास्त लागतो. तर प्रवाहाचा वेग किती? तिचं उत्तर आलं होतं 54. फोनवरच्या अ‍ॅपने 6 सांगितलं, तिने ते वहीत उतरवलंही होतं. पण आपलं कुठे बिनसलं ते तिला कळत नव्हतं आणि त्यामुळे ती अगदी रडकुंडीला आली होती. मी तिला विचारलं, महेश्वरला नावेत बसली आहेस ना? 18 च्या वेगाची नाव 54 च्या प्रवाहाविरुद्ध पुढे जाईल का? ती थबकली. मग स्वतःच वरच्या ओळीवर गेली. जाण्याच्या वेळातून येण्याचा वेळ वजा करायचा, तिने उलटं केलं होतं. चिन्ह बदललं, x² + 48x − 324 = 0 आलं आणि 6 मिळालं. बाकीची सगळी मांडणी तिची बरोबर होती, महोदय! तिला उत्तर नको होतं. तिची वही वाचणारं कुणीतरी हवं होतं.

हे वाचणारं माणूस आज पैसे मोजून मिळतं. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये डाउट विचारायला वेगळी वेळ असते, वेगळे शिक्षक असतात. ज्यांना फी झेपत नाही त्यांनी काय करायचं? या मुलीची आई घरोघरी पोळ्या लाटते. अंतर्गोल आरशाची फोकल लेंथ उणे का घ्यायची, हे ती लेकीला कसं सांगणार? वर्गातल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. भरलेल्या वर्गात एकेकाची वही बघायला तासच पुरत नाही, हे मी आयुष्यभर अनुभवलं आहे.

आपल्याच राज्यात याहून अवघड गोष्ट करून दाखवली गेली आहे. 1972 मध्ये तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 मिडल स्कूलमधून (सहावी ते आठवी) विज्ञान शिकवण्याचा नवा कार्यक्रम सुरू झाला. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो वाढवला. त्यात एक सवालीराम होता. मुलांनी मनातला प्रश्न पत्रात लिहून सवालीरामला पाठवायचा आणि त्याचं उत्तर पोस्टाने यायचं. त्या नावाचा माणूस नव्हताच. मागे बसून उत्तरं लिहिणारी जाणती मंडळी होती. खेड्यातल्या पोराला कुणीतरी त्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहितं, याचं मोल किती! 2002 मध्ये शासनाने तो कार्यक्रम बंद केला. मला त्याची आजही हळहळ वाटते.

इंदुरात माणसांची वाण नाही. 1891 पासूनचं होळकर विज्ञान महाविद्यालय इथे आहे, सिमरोलला आयआयटी आहे, कॅट म्हणजे आताच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ याच शहरात राहतात. एमएस्सीच्या मुलांना थोडं मानधन द्या, निवृत्तांना नुसतं बोलवा. जागाही बांधायला नको. सरकारी शाळेची एक खोली संध्याकाळी 5 ते 8 उघडी ठेवा, दिवे-पंखे चालू राहतील एवढं बघा आणि मुलींना घरी परतताना भीती वाटू नये म्हणून मोठ्या रस्त्यालगतची शाळा निवडा. नियम एकच असावा: आधी स्वतः केलेला प्रयत्न वहीत दिसला पाहिजे. गृहपाठ करून देण्याची ती जागा होता कामा नये, नाहीतर वर्षभरात सगळं वाया जाईल.

नापास झालेल्यांना पुन्हा संधी देणारी 'रुक जाना नहीं' योजना शासनाने 2016 मध्ये आणली, ते चांगलंच केलं. तेवढीच आस्था नापास होण्याआधी दाखवा. मूल मार्चमध्ये अडकत नाही, ते ऑगस्टमधल्या एखाद्या गणिताशी अडकतं आणि कुणी सोडवायला नसलं की पुढचे धडे बघणंच सोडून देतं.

सहामाही परीक्षेआधी दोन-तीन झोनमध्ये तरी सुरुवात व्हावी, ही विनंती. आमच्या भागात खोली मिळाली तर मी रोज संध्याकाळी येऊन बसेन. ओळखीतले आणखी काही निवृत्त शिक्षकही तयार आहेत. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर