पुडीवर गोळीचं नाव लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे अंगावर चट्टा उठला की पहिला संशय फवारणीवर जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, तेव्हापासून तर जास्तच. माझ्या सासऱ्यांच्या ओठावर आणि अंगठ्याजवळ काळा-जांभळा डाग आला तेव्हाही तेच झालं. खरं तर तेव्हा तूर घरात आली होती, फवारणीचा पंप कोपऱ्यात पडून होता. कुणी म्हणालं वांगं बंद करा, कुणी म्हणालं उष्णता आहे. डाग पुसट होतो न होतो तोच पुन्हा त्याच जागी आग होऊन ताजा झाला.

त्वचेच्या डॉक्टरांनी डाग पाहताच विचारलं, "दर वेळी इथंच येतो? त्याआधी कोणती गोळी घेतली होती?" काही औषधांची ॲलर्जी अशीच, गोळी घेतल्यावर काही तासांत जुन्याच जागी उमटते म्हणे. दुखण्याच्या, सल्फाच्या, हगवणीच्या गोळ्यांनी हे होतं. पण आम्ही नाव काय सांगणार? दवाखान्यातून कागदाच्या पुडीत एक पांढरी, एक पिवळी, एक कॅप्सूल मिळते. "पोट बिघडलं की देतात त्या," एवढंच मामाजींना ठाऊक.

मी दवाखान्यात जाऊन नावं मागितली. कंपाउंडरनं असं पाहिलं, जणू मी त्याच्या शेताचा सातबारा मागितला. शेवटी त्यानं पाकिटं दाखवली. पांढरी पॅरासिटामॉल, ती मामाजी एरवी तापात घेतात, काही होत नाही. पित्ताची कॅप्सूलही त्यांच्या सवयीची. उरली पिवळी. तिच्यात नॉरफ्लॉक्सासिन आणि टिनिडाझोल, दोन औषधं एकत्र! यातलं नेमकं कोणतं, हे घरी गोळी खाऊन तपासायचं नाही, अशी डॉक्टरांनी तंबीच दिली. दोन्ही बंद. तोंडात-डोळ्यांत फोड आले, कातडी सुटू लागली किंवा चेहरा सुजून दम लागला, तर नावं शोधत न बसता थेट मोठा दवाखाना गाठायचा, हेही सांगितलं.

मेडिकलमध्येही तीच गत. स्ट्रिप कापून चार गोळ्या देतात, नाव आणि मुदतीची तारीख दुकानातच राहते. ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडच्या औषधांना क्यूआर कोड आला, पण पुडीला तो कुठून येणार? औषधाचा त्रास कळवायला २०१० पासून केंद्राचा कार्यक्रम आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर रुग्णही कळवू शकतो, पण तिथंही औषधाचं नाव विचारतातच.

पुडी बंद करा असं मी म्हणत नाही. रात्री-बेरात्री तोच डॉक्टर आम्हाला उपयोगी पडतो. पण त्याच कागदावर पेनानं नाव लिहायला काय लागतं? अन्न व औषध प्रशासनानं दवाखान्यांना आणि मेडिकलवाल्यांना एवढं तरी सक्तीचं करावं.

आपली,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ