‘अनलिमिटेड’ आइस्क्रीम आणि कानातला गुलाबी दाणा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : मॉलमधल्या आपल्या आइस्क्रीम ‘म्युझियम’च्या तिकिटांचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

गेल्या रविवारी दुपारी चारच्या स्लॉटला आम्ही चौघं आपल्याकडे आलो होतो. मी, माझे यजमान, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. तिकीट माणशी 899 रुपये, वर ‘सुविधा शुल्क’ 160, एकूण 3,756 रुपये. सुविधा कसली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण स्लॉट असूनही चाळीस मिनिटं रांगेत काढली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. खुर्ची मागितली तर उत्तर मिळालं, “मॅम, थीमला मॅच होणारी खुर्ची नाहीये.”

जाहिरातीत ‘अनलिमिटेड आइस्क्रीम’ असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे. पहिल्या काउंटरवर खोकल्याच्या औषधाच्या टोपणाहून जेमतेम मोठ्या कपात व्हॅनिला मिळालं, तेही अर्धं वितळलेलं. दुसऱ्या काउंटरचं मशीन बंद. तिसऱ्यावर आइस्क्रीम भरपूर होतं, पण 180 रुपयांना. तिकिटांच्या पैशांत आम्ही चौघांनी मस्तानी पिऊन रिक्षानं घर गाठलं असतं आणि वर पैसे उरले असते.

आता तो हौद. न्यूयॉर्कला 2016 साली म्युझियम ऑफ आइस्क्रीम निघालं, तेव्हापासून स्प्रिंकल्सच्या, म्हणजे आइस्क्रीमवर भुरभुरतात तसल्या रंगीत दाण्यांच्या, हौदात उडी मारून फोटो काढायची टूम सगळीकडे पसरली, आपणही तीच उचललीत. ते दाणे साखरेचे नसतात, प्लास्टिकचे असतात. मायामी बीचला असेच दाणे लोकांच्या कपड्यांतून रस्त्यावर आणि गटारांत गेले, म्हणून पालिकेनं दंड केला होता. आपण निदान बाहेर पडताना कपडे झटकायला एक ब्रश तरी ठेवायचा! आमच्या न्हाणीघराच्या जाळीत अजून हिरवे-पिवळे दाणे निघताहेत. आणि रात्री मुलगी कान धरून रडायला लागली. सोमवारी कानाच्या डॉक्टरांनी आतून एक दाणा काढला, 600 रुपये फी घेतली. हौदापाशी ‘कान-नाक सांभाळा’ अशी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. ‘आमचा हॅशटॅग वापरा’ मात्र चार ठिकाणी आहे.

यापेक्षाही मला जास्त लागलं ते वेगळंच. एका खोलीत भिंतीवर हँडल फिरवायच्या जुन्या लाकडी पॉटचं चित्र आहे. मुलीनं आपल्याकडच्या गुलाबी टोपीतल्या कर्मचाऱ्याला विचारलं, “यात मीठ का टाकतात?” तो म्हणाला, “बेटा, इथे फोटो छान येतो, पुढची बॅच येतेय.” शेवटी सासूबाईंनीच सांगितलं : पॉटभोवती बर्फात खडे मीठ घातलं की बर्फ वितळायला लागतो आणि शून्याच्याही खाली गार होतो, ती थंडी आतलं दूध गोठवते. लहानपणी मे महिन्यात सगळी भावंडं आळीपाळीनं हँडल मारायची आणि शेवटी फळीला चिकटलेलं कोण चाटणार यावरून मारामारी व्हायची, हेही सांगितलं. मागच्या रांगेतली तीन-चार मुलं थांबून ऐकत होती. अख्ख्या ‘म्युझियम’मध्ये कळलेली एवढीच गोष्ट, आणि तीही आम्हीच सोबत नेलेली. माझी नणंद जर्मनीत असते. तिथे कोलोनला 1993 पासून चॉकलेटचं संग्रहालय आहे. काचघरात कोकोची झाडं आहेत, मशीनवर चॉकलेट बनताना दिसतं, तीन मीटर उंच कारंज्यात बुडवलेलं वेफर हातात देतात. फोटो तिथेही लोक काढतातच की.

काउंटरवर तक्रार केली तेव्हा ‘तिकीट नॉन-रिफंडेबल आहे’ असं सांगून बोळवण झाली. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेत त्रुटी असताना पैसे परत न करणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि दिशाभूल करणारी जाहिरात हा वेगळाच मुद्दा. म्हणून तिकिटांचे 3,756 आणि डॉक्टरांचे 600 असे 4,356 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. जाहिरातीतला ‘अनलिमिटेड’ शब्द काढावा, हौदापाशी सूचना लावावी, आणि रांगेत चार खुर्च्या ठेवाव्यात, कुठल्याही रंगाच्या चालतील. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

तिकिटं, डॉक्टरांची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. दाणा डॉक्टरांनी छोट्या डबीत घालून दिला आहे. पुरावा म्हणून हवा असल्यास कळवावे, कुरिअरचा खर्च आपला.

आपली,
एक ग्राहक, पुणे