पहिला वायू सोडून द्यायला लावणाऱ्या मामांना

मामा, नमस्कार.

आपल्या कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट म्हणून तुम्हाला निरोप दिला, त्या समारंभात प्रत्येकाला दोन मिनिटं दिली होती. माझ्या आधी चौघं बोलले आणि चौघांनीही तुम्ही ‘शांत, मनमिळाऊ आणि वक्तशीर’ असल्याचं सांगितलं. मी उठले तेव्हा मागे भजी तळायला घेतली होती, वास हॉलभर पसरला होता. मीही तेच तीन शब्द म्हटले आणि बसले. शाल, श्रीफळ, फोटो, झालं. ते तीन शब्द सगळ्यांसमोर म्हटले होते, म्हणून हे पत्रही सगळ्यांसमोर लिहितेय. नातवाला मोठ्यांदा वाचायला सांगा. तो आता अकरावीला आहे, त्यातलं गणितही त्याला कळेल.

मला सांगायचंय ते रॉकेटबद्दल.

अकरावीला मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) शिकवताना मी कायम वडापावचं उदाहरण देते. दहा पाव आणि सात वडे असतील तर वडापाव किती होतील? सात. तीन पाव उरले, वडे आधी संपले, म्हणजे वडा हा ‘लिमिटिंग रिएजंट’. हे सगळ्यांना कळतं. मग मी फळ्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं गणित घालते, आणि पोरं वडापाव विसरून सूत्र शोधायला लागतात. पेपरात मार्क मिळतात. पण ‘दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन’ हे समीकरणातले आकडे आहेत की खरोखर काहीतरी तसं असतं, असं विचारलं की वर्ग खाली बघतो. त्यातून हजेरीपटावर ऐंशी नावं आणि समोर बाकांवर बावीस. बाकीचे कुठे असतात ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

म्हणून मी तो प्लॅस्टिकचा ड्रॉपर घेऊन तुमच्याकडे आले. फुगीर भाग कापून घ्यायचा, म्हणजे अंगठ्याएवढी टोपी तयार होते. तिच्यावर मार्करने सहा सारख्या रेघा मारायच्या. पाण्याने भरून उलटी धरायची, खालून हायड्रोजन सोडायचा, मग ऑक्सिजन. जेवढा वायू आत जाईल तेवढं पाणी बाहेर येतं, त्यामुळे कुठला वायू किती भरला ते रेघांवर दिसतं. मग आत ठिणगी, की टोपी रॉकेटसारखी उडते. तुम्ही ती टोपी दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणालात, “म्याडम, ह्यात काय उडणार? माशी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तुमच्या टेबलावर घरचा गॅसचा लायटर होता. लायटरच्या मधल्या टोकाला एक वायर, बाहेरच्या नळीला दुसरी. जुन्या टेलिफोनची जोडवायर होती ती. तिची दोन टोकं बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलमधून वर काढलेली आणि त्यांच्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट. खटका दाबला की फटीत निळी ठिणगी. मला दुकानात जाऊन काय मागायचं हेही सुचलं नव्हतं.

वायूंचं काम तर तुमचंच. जस्ताचे खडे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल एवढं मला पुस्तकावरून माहीत होतं. जस्त आळशीपणा करायला लागलं तेव्हा मोरचुदाचा बारीक खडा टाकायचं तुम्हाला माहीत होतं, आणि बुडबुडे कसे उसळले! ऑक्सिजनसाठी मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साईड आणि चिमूटभर मँगनीज डायऑक्साईड. टोपीच्या तोंडाशी थोडं पाणी राहू द्यायचं हेही तुमचंच. वायू निसटत नाही, आणि ठिणगी पडली की तेच पाणी मागे फेकलं जातं आणि टोपी पुढे जाते. “गुळणीएवढं राहू द्या,” असं तुम्ही म्हणालात. न्यूटनचा तिसरा नियम मी त्या दिवसापासून गुळणीवरच शिकवते.

आता पहिल्या दिवसाबद्दल. हा भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे, दोन फुटांची एकेक, त्यामुळे अंतर मोजायला टेप लागली नाही. सगळ्या मिश्रणांची पाळी आली. समीकरणाप्रमाणे चार रेघा हायड्रोजन आणि दोन रेघा ऑक्सिजन असलेलं रॉकेट सगळ्यात लांब जायला हवं. ते सात फरश्या गेलं. पाचास एक नऊ फरश्या गेलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पोरं माझ्याकडे बघत होती. मी हळूच म्हणाले, “मामा, मुलांना चारास दोनच्या पुढे नऊ लिहायला सांगू या. थोडंफार इकडंतिकडं होतंच.”

तुम्ही काही बोलला नाहीत. वही माझ्याकडून घेतली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलंत, “सहाच्या सहा रेघा हायड्रोजन भरला होता, ऑक्सिजन शून्य. मग ते टप् वाजलं कसं?”

मला उत्तर सुचेना. रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे मी, मामा. नुसता हायड्रोजन ऑक्सिजनशिवाय पेटूच शकत नाही, हे मी दर वर्षी सांगते. आणि ते रॉकेट वाजलं होतं, दोन फरश्या सरकलंही होतं, आणि मी तो आकडा लिहून पुढे गेले होते.

“बाटली केवढी घेतलीय बघा,” तुम्ही म्हणालात. “ॲसिड तळाला, वर सगळी हवाच की. पयला वायू सोडून द्या. तो हायड्रोजन न्हाईच.”

मोठ्या बाटलीत दोन बोटं आम्ल आणि वर रिकामी जागा. जस्तातून निघालेला हायड्रोजन त्या हवेत मिसळून नळीतून येत होता. आम्ही जी चार रेघा हायड्रोजन म्हणत होतो, त्यात बरीचशी हवा होती. म्हणूनच खऱ्या हायड्रोजनचा हिशेब भरायला एक रेघ जास्त लागत होती. घरी जाऊन मी गणित मांडलं. वायूत साधारण ४० टक्के हवा धरली तर पाच रेघांत खरा हायड्रोजन तीन रेघा येतो. हवेतला ऑक्सिजन आणि वरची एक रेघ मिळून सुमारे १.४ रेघ. तीनास दीड म्हणजे दोनास एक, जवळजवळ बरोबर! म्हणजे फरश्यांनी खरं तेच सांगितलं होतं, खोटं लिहायला मी निघाले होते.

कॉलेजात रीडिंग जुळवणं म्हणजे काय ते तुमच्याइतकं कुणी बघितलेलं नसेल. मागच्या वर्षीच्या जर्नलवरून या वर्षीचं जर्नल, टायट्रेशनची तिन्ही रीडिंग दशांशापर्यंत सारखी. तुम्ही २९ वर्षं ब्युरेट, म्हणजे त्या टायट्रेशनच्या मापाच्या काचनळ्या, धुतल्या. कुठली ब्युरेट वापरली गेली आणि कुठली कोरडीच परत आली, हे तुम्हाला कळत होतंच. तुम्ही कुणालाही कधी काही बोलला नाहीत. मलाही बोलला नाहीत, फक्त ओळीवर बोट ठेवलंत.

दुसऱ्या दिवशी बाटलीऐवजी परीक्षानळ्या आणल्यात, काठोकाठ आम्ल भरून, म्हणजे हवेला जागाच नको. पहिले बुडबुडे नुसते पाण्यात सोडून दिले. बरेच सोडून झाले तरी तुम्ही “अजून जाऊ द्या” म्हणत होता. मग पाळी. नुसता हायड्रोजन: ठिणगीवर ठिणगी, टोपी ढिम्म. नुसता ऑक्सिजन: ढिम्म. तीनास तीन सात फरश्या, पाचास एक आठ, आणि चारास दोन अकरा फरश्या जाऊन पार सरांच्या केबिनच्या उंबऱ्याला लागली. पोरांनी केलेला आवाज वरच्या मजल्यावर गणिताच्या तासाला ऐकू गेला. त्याबद्दल मला बोलावणं आलं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं, आता सांगते.

त्यानंतरचा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात चांगला तास होता. फळ्यावर पुस्तकातलं एकही गणित नव्हतं. टोपी ४ मिलिलिटरची. म्हणजे हायड्रोजन २.६७ मिलिलिटर, साधारण ०.११ मिलिमोल. तेवढ्यासाठी जस्त किती लागलं? ७ मिलिग्रॅम. ऑक्सिजनला पेरॉक्साईड किती? बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एका मिलिलिटरमधून २० मिलिलिटर ऑक्सिजन निघतो असा, हे मेडिकलवाल्यालाही माहीत नव्हतं. तेव्हा एका रॉकेटला एखाद-दुसरा थेंब पुरतो. आणि तयार झालेलं पाणी फक्त २ मिलिग्रॅम. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “मॅडम, पाच रेघांच्या रॉकेटमध्ये ऑक्सिजन आधी संपला, तीन रेघांच्या रॉकेटमध्ये हायड्रोजन. म्हणजे वडा बदलला!” मी हा वाक्यप्रयोग आता कायमचा घेतलाय.

त्यानेच पुढे विचारलं, इस्रोसुद्धा दोनास एकच भरते का? मी बेधडक ‘हो’ म्हटलं. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला घेऊन गेलेल्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजनच असतो, मग प्रमाण तेच असणार, असा माझा हिशेब. रात्री मला तुमचं बोट आठवलं आणि मी वाचत बसले. पूर्ण ज्वलनाला वजनात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन लागतो. पण असे अतिथंड द्रव वायू जाळणारी क्रायोजेनिक इंजिनं पाच ते सहाच्या आसपास चालवतात, म्हणजे मुद्दाम हायड्रोजन जास्त. न जळलेला हलका हायड्रोजन वाफेबरोबर नळकांड्यातून जास्त वेगाने बाहेर पडतो, आणि इंजिनाचं तापमानही आटोक्यात राहतं. आपली टोपी एका धक्क्यात उडते, त्यांचं इंजिन बराच वेळ जळत राहावं लागतं, त्यामुळे हिशेब वेगळा. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन काल चुकीचं सांगितलं असं म्हटलं. पोरांना त्याचं काहीच वाटलं नाही. मलाच वाटत होतं.

एक गोष्ट वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिते, नाहीतर मामा मला रागावतील. अंगठ्याएवढ्या टोपीपेक्षा मोठ्या भांड्यात हे मिश्रण कधीही भरायचं नाही, साठवायचं तर नाहीच. आम्ही वायूच्या नळ्या खोलीच्या एका टोकाला आणि लायटर बाहेर व्हरांड्यात ठेवला होता. गॉगल सहाच होते, म्हणून एका वेळी सहाच मुलं. बाविसाव्या मुलाची पाळी येईपर्यंत मामा उभे होते, साडेपाच वाजून गेले तरी. वक्तशीर म्हणतात ते हेच असेल तर समारंभात चौघांनी बरोबरच सांगितलं.

तुमच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. सहा रेघांची टोपी तुमच्या खणात आहे, परवा बघितली, मार्कर जरा पुसट झालाय. नवीन अकरावीला पुढच्या मंगळवारी हा प्रयोग ठेवलाय, ११ वाजता. याल का? लायटर मात्र आणू नका. तुमचा लायटर आठवडाभर कॉलेजात होता आणि मामी तेवढे दिवस काडेपेटीने गॅस पेटवत होत्या, हे मला निरोपाच्या दिवशी त्यांच्याकडूनच कळलं, भज्यांच्या रांगेत. मी दोन नवीन घेतलेत. एक प्रयोगशाळेला, एक मामींना.

तुमची,
अकरावीच्या केमिस्ट्रीची मॅडम