पग घेताना आधी नाकपुड्या बघा

संपादक महोदय,

पग या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचं पिल्लू लोक टपोऱ्या डोळ्यांवर भाळून घेतात. बघायला हव्यात नाकपुड्या. त्या चिरेसारख्या बारीक असतील, पिल्लू बसल्या जागी घरघरत असेल, तर घेऊ नका. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो; चपट्या तोंडात हवेला वाटच अपुरी, म्हणून विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारचा फेरफटका त्याच्या जिवावर बेततो. सकाळी सातच्या आत फिरवा, गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरा. नाकावरची घडी रोज ओल्या कापसाने पुसून कोरडी करा. ओल राहिली की कुबट वास येतो, कातडी लाल होते. वजन ८ किलोपुढे नको. आणि ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनुसार बंदी आहे, हे विक्रेत्याला ठणकावून सांगा. पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ केली, तर सरळ परत फिरा.

— एक वाचक, नागपूर